एक खेळ, एकच दुकान

२०१९ सालच्या दिवाळीत माझ्या दिल्लीच्या घरी इंदूरहून भाचा आणि पुण्याहून पुतण्या असे दोघेही आले होते. दोघेही महाविद्यालयात शिकणारे आणि दोघांनाही संगणकावरील खेळांचा सारखाच नाद. फराळ चालू असता त्यांच्यात जो वाद पेटला, तो ऐकून विषय राजकारणाचा असावा असे मला प्रथम वाटले. कारण ‘मक्तेदारी’, ‘विकले गेले’, ‘विश्वासघात’ असे शब्द दोन्ही बाजूंनी सढळ हाताने फेकले जात होते. बऱ्याच वेळाने उलगडा झाला तो असा. ‘बॉर्डरलँड्स ३’ नावाचा एक खेळ त्या सप्टेंबरात विक्रीस आला होता. भाच्याला तो फार दिवसांपासून हवा होता, त्यासाठी त्याने पैसेही साठविले होते, आणि तरीही तो घ्यायचा नाही असा त्याने निश्चय केला होता. का, तर तो त्याच्या नेहमीच्या दुकानात मिळत नव्हता. दुसऱ्या दुकानात मिळत होता.

“अरे, मग दुसऱ्या दुकानातून घे,” मी सहज म्हणालो.

“मामा, तुम्हांला नाही कळायचं ते,” भाचा म्हणाला.

“काका, मीही त्याला तेच सांगतोय,” पुतण्या म्हणाला.

माझ्या नोकरीतील काही वर्षे बाजारपेठांच्या कामात गेली आहेत. दुकान, दलाल, अडत, मक्ता या गोष्टी आपल्याला कळत नाहीत, असे कुणी म्हटले की मन थोडेसे दुखावते. म्हणून मी या प्रकरणाच्या खोलात शिरलो, आणि त्यात जे आढळले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. खेळांची ज्यांना मुळीच आवड नाही अशा श्रोत्यांनीही ते ऐकावे, अशी माझी विनंती आहे. कारण हा वाद वरकरणी खेळांचा असला तरी त्याच्या पोटात खरेदी-विक्रीचे जुनेच प्रश्न आहेत.

प्रथम ही दुकाने कसली ते सांगितले पाहिजे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावरील खेळ तबकडीच्या रूपाने, खोक्यात घालून विकला जाई. आता तो इंटरनेटवरून थेट संगणकात उतरवून घेतात. हा विक्रीचा व्यवहार ज्या दुकानांतून होतो त्यांत सर्वांत मोठे दुकान म्हणजे ‘स्टीम’. त्याचा मालक अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ‘वाल्व्ह’ हा उद्योग. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन या दोघांनी तो १९९६ साली काढला आणि १९९८ साली ‘हाफ-लाइफ’ नावाच्या खेळाने त्याला कीर्ती मिळवून दिली. सप्टेंबर २००३ मध्ये त्यांनी स्टीम सुरू केले ते दुकान म्हणून नव्हे, तर आपल्याच खेळांतील दुरुस्त्या ग्राहकांपर्यंत पोचविण्याची सोय म्हणून. पुढे इतरांचेही खेळ तेथे विकले जाऊ लागले आणि बघता बघता त्या दुकानाचा बाजार झाला. २०२५ साली स्टीमवर एकाच वेळी हजर असलेल्या ग्राहकांची संख्या चार कोटींच्या वर गेली होती. एवढी लोकसंख्या जगातील कित्येक देशांची नाही.

येथे एक मौजेची गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण आजच्या तक्रारखोरांना तिचा सोयीस्कर विसर पडलेला असतो. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला, तेव्हा रोख पैसे मोजून तबकडी घरी आणणाऱ्यालाही तो स्टीमवर नाव नोंदविल्याशिवाय खेळता येत नसे. आपल्या घरांतून त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून, किंचाळत किंचाळत इंटरनेट येत असे, हे आठवावे. अमेरिकेतही परिस्थिती फार निराळी नव्हती. पहिल्या दिवशी गर्दीने स्टीमची यंत्रणा कोलमडली, आणि विकत घेतलेला खेळ समोर असूनही हजारो माणसे वाट पाहत बसली. “आम्ही खेळ घेतला, हे दुकान आमच्या गळ्यात कशाला?” असा संताप तेव्हा उसळला होता. पंधरा वर्षांनी दुसरे दुकान निघाले तेव्हा नेमका हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. मात्र या वेळी तो स्टीमच्या कैवाऱ्यांनी विचारला. सवय ही मोठी विलक्षण शक्ती आहे.

दुसरे दुकान म्हणजे ‘एपिक गेम्स स्टोअर’. टिम स्वीनी या गृहस्थांनी १९९१ साली मेरीलँडमध्ये एपिक या उद्योगाचा पाया घातला. आज त्याचे ठाणे नॉर्थ कॅरोलायनातील केरी या गावी आहे. त्यांची खरी मिरासदारी ‘अनरियल इंजिन’ची. खेळाचा सांगाडा म्हणावी अशी ही आज्ञाप्रणाली असून ती भाड्याने घेऊन जगभरचे लोक आपापले खेळ रचतात. २०१७ साली ‘फोर्टनाइट’ या खेळाने एपिकच्या घरी अक्षरशः पैशाचा पाऊस पाडला. त्या पैशाच्या बळावर ६ डिसेंबर २०१८ रोजी त्यांनी स्वतःचे दुकान उघडले.

आता अडतीकडे वळतो, कारण साऱ्या भांडणाचे मूळ तेथे आहे. स्टीमवर खेळ विकला गेला की किमतीचे ३० टक्के दुकान ठेवून घेते आणि ७० टक्के खेळाच्या मालकाला देते. नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस, म्हणजे एपिकचे दुकान उघडण्याच्या अगदी तोंडावर, वाल्व्हने या दरात सवलत जाहीर केली. एखाद्या खेळाची विक्री एक कोटी डॉलरच्या पुढे गेली तर पुढील विक्रीवर २५ टक्के, आणि पाच कोटींच्या पुढे गेली तर २० टक्के. ही सवलत कुणाला मिळाली हे सांगणे नलगे. ज्यांचे गलबत आधीच भरलेले त्यांना. दोघा-चौघांनी मिळून केलेल्या लहानशा खेळाला ३० टक्के चुकले नाहीत. एपिकने मात्र पहिल्याच दिवशी सांगितले की, आमची अडत लहानमोठ्या सर्वांना सारखीच, १२ टक्के. शिवाय खेळ अनरियल इंजिनवर बांधलेला असेल तर त्यासाठी द्यावे लागणारे ५ टक्के स्वामित्वशुल्कही आमच्या दुकानातील विक्रीवर माफ.

एक हजार रुपयांचे उदाहरण घेतो. अनरियलवर रचलेला हजार रुपयांचा खेळ स्टीमवर विकला गेला तर तीनशे दुकानाचे, पन्नास इंजिनाचे, आणि कर्त्याच्या हाती साडेसहाशे. तोच एपिककडे विकला गेला तर एकशे वीस दुकानाचे, आणि कर्त्याच्या हाती आठशे ऐंशी. वर्षानुवर्षे कर्ज काढून खेळ रचणाऱ्या माणसाला हा फरक म्हणजे पुढचा खेळ काढता येणे आणि न येणे यांतला फरक असू शकतो.

येवढे पाहिल्यावर कुणालाही वाटेल की एपिकने जग जिंकायला हवे होते. परंतु बाजारपेठेत ज्याने काम केले आहे तो लगेच विचारील की, अडत देतो कोण, आणि दुकान निवडतो कोण? आपल्या शेतमालाच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. महाराष्ट्रात २०१६ साली फळे आणि भाजीपाला यांच्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले, तेव्हा केवढा गदारोळ झाला तो पुष्कळांना आठवत असेल. जो देतो त्यालाच दर टोचतो, हे त्यातील मर्म. खेळांच्या बाजारात अडत देतो विकणारा आणि दुकान निवडतो घेणारा. घेणाऱ्याला पावतीवर दिसते ती किंमत दोन्हीकडे बहुधा सारखीच. तेव्हा ‘आमची अडत कमी आहे’ असा फलक दुकानावर लावून ग्राहक कसा यावा? माझा भाचा म्हणाला त्याचा अर्थ हाच होता. “बारा टक्के की तीस टक्के, मला काय त्याचं? मला एक रुपयाही कमी पडत नाही.”

एपिकचे मालक हे ओळखून होते. ग्राहक आपण होऊन येत नसेल तर त्याला यावेच लागेल अशी व्यवस्था करायची, असा मार्ग त्यांनी निवडला. एखाद्या खेळाच्या मालकाला भरघोस रक्कम द्यायची, किंवा अमुक इतकी विक्री झाली नाही तरी तितके पैसे आम्ही देऊ अशी हमी द्यायची, आणि त्या बदल्यात सहा महिने किंवा एक वर्ष तो खेळ स्टीमवर विकायचा नाही असे वचन घ्यायचे. यालाच खेळाडूंच्या भाषेत ‘एक्स्क्लुझिव्ह’ म्हणतात. आपण ‘अनन्य विक्री’ म्हणू. या पद्धतीवर एपिकने किती पैसा ओतला याची कल्पना पुढे २०२१ साली अॅपलशी चाललेल्या त्यांच्या खटल्यातील कागदपत्रांवरून आली. ‘बॉर्डरलँड्स ३’ च्या करारासाठी १४ कोटी ६० लाख डॉलर. आणि २०२० या एका वर्षासाठी विविध खेळांना दिलेल्या किमान विक्रीच्या हमींची बेरीज ४४ कोटी ४० लाख डॉलर. सरकारी नस्तीवर असे आकडे आले तर आम्ही कारकुनाला पुन्हा शून्ये मोजायला सांगू.

पहिला भडका उडाला तो ‘मेट्रो एक्झोडस’ या खेळावरून. अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत जीव मुठीत धरून राहणाऱ्या माणसांच्या कथेवर रचलेली ही खेळमालिका. दिमित्री ग्लुखोव्स्की यांच्या कादंबरीवरून स्फुरलेली आणि मूळ युक्रेनमधील ‘फोर-ए गेम्स’ या मंडळींनी सिद्ध केलेली. १५ फेब्रुवारी २०१९ ला तो विक्रीस यायचा होता. स्टीमवर कित्येक महिने त्याची आगाऊ नोंदणी चालू होती. आणि २८ जानेवारीला, म्हणजे अवघे अठरा दिवस आधी, प्रकाशकांनी जाहीर केले की यापुढे हा खेळ वर्षभर फक्त एपिककडे मिळेल. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांना स्टीमवर तो मिळाला, हे न्याय्यच झाले. अमेरिकेत त्याची किंमतही साठ डॉलरवरून पन्नासवर आणली गेली. म्हणजे कमी अडतीचा लाभ ग्राहकाला पोचविल्याचे हे एक दुर्मिळ उदाहरण. तरीही वाल्व्हने आपल्या दुकानात पाटी लावली की, इतके दिवस नोंदणी केल्यावर असे काढून घेणे स्टीमच्या ग्राहकांवर अन्याय करणारे आहे. प्रतिस्पर्ध्याने असे लिहिणे यात नवल नाही. पण ते खोटे होते असे म्हणण्यास मी धजणार नाही. गिऱ्हाइकाला रांगेत उभे करून, खिडकी उघडायच्या वेळी ‘खिडकी पलीकडच्या इमारतीत हलविली आहे’ असे सांगितले, तर पलीकडची इमारत कितीही सुंदर असो, रांगेतला माणूस चिडणारच.

चिडलेल्या ग्राहकांनी एक चमत्कारिक हत्यार उपसले. स्टीमवर प्रत्येक खेळाखाली ग्राहकांचे अभिप्राय छापले जातात. नवा खेळ तेथे नव्हता, म्हणून त्यांनी त्याच मालिकेतील जुन्या, निरपराध खेळांखाली निषेधाचे शेकडो अभिप्राय लिहून त्यांची प्रत खाली आणली. पुढे ‘बॉर्डरलँड्स’च्या जुन्या भागांवरही हीच पाळी आली. त्याआधीच, मार्च २०१९ मध्ये, वाल्व्हला असा नियम करावा लागला होता की, विषयाला सोडून आलेली अभिप्रायांची लाट गुणांच्या हिशेबात धरली जाणार नाही.

तक्रारीत तथ्य किती, हा प्रश्न आता विचारला पाहिजे. पुतण्याचे म्हणणे असे की, एपिकच्या दुकानात जायला एक पैसाही पडत नाही. सोनीचे किंवा निन्टेंडोचे यंत्र घेतले तर त्याचे खेळ दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नाहीत. तेथे अनन्य विक्री पिढीजात आहे आणि त्यासाठी कुणी छाती बडवून घेत नाही. हे खरे आहे. आमच्या पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींचा ‘राजी’ हा पुराणकथांवर आधारलेला सुंदर खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम फक्त निन्टेंडोच्या यंत्रावर आला आणि संगणकावर ऑक्टोबरात. मधल्या दोन महिन्यांत कुणी विश्वासघाताची हाकाटी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मग त्याच संगणकावर, त्याच पडद्यावर, फक्त दुसऱ्या चिन्हावर टिचकी मारावी लागते म्हणून एवढा कांगावा का?

भाच्याचे उत्तर मला अधिक विचार करायला लावणारे वाटले. ज्या वाण्याकडे आपले वीस वर्षांचे खाते आहे, जो आपल्या घरची माणसे ओळखतो, त्याचे दुकान आणि नाक्यावर कालच उघडलेले दुकान ही सारखी नसतात. स्टीमवर त्याने घेतलेले सारे खेळ एका कपाटात लावल्यासारखे होते. मित्रमंडळी तेथेच भेटत. खेळलेल्या प्रत्येक तासाची नोंद तेथे होती. २०१५ पासून तेथे रुपयांत किमती दिसत आणि नेमक्या त्याच वर्षापासून, घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर, विनातक्रार परत करता येई. एपिकच्या दुकानात आरंभी ग्राहकांचे अभिप्राय नव्हते. इतकेच काय, चार वस्तू एकदम घ्यायच्या तर त्या ठेवायला टोपलीसुद्धा नव्हती. ती टोपली डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे दुकान उघडल्यावर तीन वर्षांनी आली. कोट्यवधी डॉलर खेळांच्या मक्त्यावर खर्च करणाऱ्या दुकानदाराला टोपली विणायला तीन वर्षे लागावीत, याचा राग ग्राहकाला आला तर मी त्याला दोष देणार नाही. “त्यांनी दुकान चांगलं केलं असतं तर मी आपण होऊन गेलो असतो,” भाचा म्हणाला. “त्यांनी माल विकत घेतला आणि मला ओलीस धरलं.”

ओलीस हा शब्द फार झाला. परंतु एक गोष्ट अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही त्याच्या बाजूची आहे. एकच वस्तू दोन दुकानांत मिळते तेव्हा स्पर्धा होते. एक वस्तू केवळ एका दुकानात आणि दुसरी केवळ दुसऱ्यात मिळू लागली, तर दुकाने दोन दिसतात खरी, पण त्या वस्तूपुरता मक्ता एकेकाचाच असतो.

उलट बाजूही तितकीच बळकट आहे. ज्या दुकानात साऱ्यांची कपाटे आधीच लागलेली आहेत, तेथून ती हलविणे अशक्य असताना, नुसत्या सोज्वळपणाने नवा दुकानदार उभा राहूच शकत नाही. आणि स्वस्त विकून गिऱ्हाईक ओढावे म्हटले तर तेही सोपे नाही. एप्रिल २०२१ मध्ये ‘वुल्फायर गेम्स’ या छोट्या संस्थेने अमेरिकेत वाल्व्हवर दावा लावला. खेळ इतरत्र कमी किमतीला विकू नये असा दबाव वाल्व्ह आणते, हा त्यातील मुख्य आरोप. वाल्व्हला तो मान्य नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने हा दावा सामुदायिक दावा म्हणून चालविण्यास अनुमती दिली. आरोपाचा निवाडा न्यायालयाचे काम आहे, पण मक्तेदारीची शंका केवळ नव्या दुकानदारावरच घ्यावी असे नाही, एवढे यावरून दिसते.

स्वीनी यांनी तर एप्रिल २०१९ मध्ये उघड आव्हान दिले होते की, स्टीमने सर्व कर्त्यांना किमतीचे ८८ टक्के कायमचे आणि जाचक अटींवाचून देऊ केले, तर आम्ही अनन्य विक्री ताबडतोब थांबवू. वाल्व्हने त्याला प्रतिसाद दिला नाही. आपल्या दुकानाची अडत दुसऱ्या दुकानदाराने ठरवावी, हे कोणत्याच बाजारात घडत नाही. एपिकमध्ये चीनच्या टेन्सेंट या बलाढ्य उद्योगाने २०१२ साली सुमारे ४० टक्के भाग घेतलेला आहे, यावरूनही पुष्कळ कुजबुज झाली. पण उद्योगाची सूत्रे स्वीनी यांच्याच हाती राहिलेली आहेत, आणि त्या कुजबुजीत तर्कापेक्षा भीतीच अधिक होती.

माझे स्वतःचे मन या वादात कोठे कलते ते सांगतो. अनन्य विक्री सर्वत्र सारखी नाही. ज्या खेळाचा कुणाला काहीच शब्द दिलेला नव्हता, तो त्याच्या कर्त्याने हव्या त्या दुकानात ठेवावा. सहा महिने वाट पाहिल्याने कुणाचे प्राण जात नाहीत. परंतु जेथे शब्द दिलेला होता तेथे प्रश्न निराळा होतो. आपल्याकडे मोठ्या ग्रंथासाठी प्रकाशनपूर्व वर्गणी घेण्याची प्रथा आहे. वाचक ग्रंथ पाहण्याआधी केवळ विश्वासावर पैसे देतो. खेळांच्या जगातही अशी लोकवर्गणी चालते. ‘फीनिक्स पॉइंट’ हा खेळ २०१७ साली अशाच वर्गणीतून उभा राहिला. त्याचे कर्ते ज्युलियन गोलॉप हे या क्षेत्रातील नावाजलेले गृहस्थ. वर्गणीदारांना खेळ स्टीमवर किंवा पोलंडच्या ‘गॉग’ या दुकानात मिळेल असे सांगितलेले होते. मार्च २०१९ मध्ये तो वर्षभर एपिककडेच मिळेल असे जाहीर झाले. ‘शेन्मू ३’ ची कथाही तीच. २०१५ साली त्यासाठी जगभरच्या चाहत्यांनी ६० लाखांहून अधिक डॉलर जमविले, आणि चार वर्षांनी त्यांना दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखविण्यात आला. दोन्ही ठिकाणी पैसे परत करण्याची तयारी शेवटी दाखविली गेली, आणि यापुढे अशा परतफेडीचा भार आम्ही उचलू असे एपिकने सांगितले. पण वर्गणीदार हा नुसता गिऱ्हाईक नसतो. वस्तू अस्तित्वात नसताना त्याने तिच्यावर विश्वास ठेवलेला असतो, आणि त्या विश्वासाची रक्कम पावतीवर लिहिलेली नसते. येथे मी निःशंकपणे रागावलेल्यांच्या बाजूचा आहे.

आणि ‘ऊब्लेट्स’ च्या बाबतीत तितक्याच निःशंकपणे त्यांच्या विरुद्ध. हा एक गोडसा, शेतीवाडीचा आणि नाचगाण्याचा खेळ. दोन माणसांनी मिळून रचलेला. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केले की आम्ही एपिकची हमी स्वीकारली आहे, आता खेळ पुरा होईपर्यंत पोटाची चिंता नाही. त्यांनी ते थोड्या थट्टेच्या सुरात लिहिले, एवढाच त्यांचा अपराध. त्यांच्यावर शिव्याशापांचा आणि धमक्यांचा जो वर्षाव झाला, तो हजारोंच्या संख्येने मोजावा लागला. कोट्यधीश दुकानदारांच्या झुंजीत लोकांना हाताशी सापडली ती दोन साधी माणसे. मी हे पुतण्याला सांगितले तेव्हा तो गप्प राहिला; भाचाही गप्प राहिला, आणि त्या संध्याकाळी दोघांचे एकमत झालेले हे एकच कलम.

पुढे काय झाले? ‘मेट्रो एक्झोडस’ फेब्रुवारी २०२० मध्ये ठरल्याप्रमाणे स्टीमवर आला. ‘बॉर्डरलँड्स ३’ तेथे १३ मार्च २०२० रोजी आला. माझ्या भाच्याने सहा महिने पाळलेले व्रत त्या दिवशी सोडले, आणि बाराच दिवसांनी देशभर टाळेबंदी लागली. घरात कोंडून पडलेल्या त्या मुलाला एवढा हुकमी विरंगुळा मिळाला की, आपण थांबलो तेच बरे झाले असे तो आजतागायत सांगतो. ‘डिव्हिजन २’ पासून आपले मोठे खेळ स्टीमपासून दूर ठेवणारे ‘युबिसॉफ्ट’ हे फ्रेंच प्रकाशकही २०२२ च्या अखेरीस परतले. एपिकने आपला मार्ग सोडला नाही, पण त्यात फेरफार केले. २०२३ साली त्यांनी योजना काढली की, जो कर्ता आपण होऊन सहा महिने आमच्याकडेच विकील त्याला त्या काळातील सारे शंभर टक्के उत्पन्न मिळेल. आणि २०२५ च्या जूनपासून प्रत्येक खेळाच्या वर्षातील पहिल्या दहा लाख डॉलरवर अडत अजिबात नाही, मग तो इतरत्र विकला जावो वा न जावो. मक्त्यासाठी रोख थैली देण्यापेक्षा हा प्रकार मला पुष्कळ सुसंस्कृत वाटतो. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये गुगलविरुद्धच्या खटल्यात एपिकच्याच अधिकाऱ्याने साक्षीत सांगितले की, पाच वर्षांनंतरही हे दुकान नफ्यात आलेले नाही. स्टीमची मूळ अडत ३० टक्केच राहिली.

या सगळ्या धामधुमीत एक मुद्दा मात्र दोन्ही पक्षांच्या ध्यानातून निसटला होता, असे मला वाटते. भाचा ज्याला आपले कपाट म्हणतो ते त्याचे आहे काय? सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की, अशा दुकानांनी ‘विकत घ्या’ असे म्हणताना ग्राहकाला मालकी मिळत नसून केवळ वापरण्याचा परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. त्याच सुमारास स्टीमच्या टोपलीखाली त्या अर्थाची ओळ दिसू लागली. नवे काहीच घडले नव्हते. आधीपासूनचे खरे आता छापले गेले एवढेच. कुलूप नसलेली प्रत हाती देणारे दुकान हवे असेल तर ते २००८ पासून पोलंडच्या गॉगचे आहे. तेथून उतरविलेला खेळ दुकान उद्या बंद पडले तरी आपल्या संगणकावर चालतो. या दोन बलाढ्यांच्या भांडणात त्या तिसऱ्या दुकानाचे नाव फार थोड्यांनी घेतले, याचे मला आश्चर्य वाटते.

भाचा आता नोकरीला लागला आहे, हैदराबादेस असतो. गेल्या खेपेस भेटला तेव्हा मी त्याला मुद्दाम विचारले की, त्या दुसऱ्या दुकानाशी अजून वैर आहे का. एपिक आरंभापासून ठरावीक दिवसांनी एक खेळ फुकट वाटीत आले आहे. आता तो दर गुरुवारी वाटतात. त्यासाठी पहिल्या नऊ महिन्यांत त्यांनी १ कोटी १६ लाख डॉलर खर्चून सुमारे पन्नास लाख नवे ग्राहक मिळविले होते, हेही त्याच खटल्याच्या कागदांत नमूद आहे. भाच्याने जरा ओशाळून संगणक उघडला. एपिकच्या दुकानात त्याच्या नावावर तीनशेच्या वर खेळ होते. दर गुरुवारी रात्री न चुकता घेतलेले, सगळे फुकट.

“यांतले खेळलास किती?” मी विचारले.

“मामा, चार,” तो म्हणाला. “आणि त्यातला एक आवडला म्हणून त्याचा पुढचा भाग विकत घेतला. स्टीमवर.”